छातीभर वर आलेलं बंदर

गवंडी : तुमच्या खात्यानं मला लबाड ठरवलंय, साहेब! बंदराच्या तोंडावर बोर्ड ठोकलात, 'या गवंड्यानं धक्का नको तेवढा उंच बांधला.' येणारा-जाणारा वाचतो. बायकोनं त्या रस्त्यानं जायचं सोडलं.

साहेब : आवाज खाली. होड्या धक्क्याच्या पार खाली राहतात, माल चढवताना माणसांच्या कंबरा मोडतात. खोटंय का हे?

गवंडी : खरंय. पण बांधला तेव्हा? उद्घाटनाला तुम्हीच होडीतून एका पावलात वर आलात, फोटो काढून घ्यायला!

साहेब : मग काय, जमीन हलली? आम्ही तपासलंय. या कचेरीच्या पायरीवर खूण आहे, तिथून धक्का मोजला. नकाशात आहे तेवढीच उंची. तसूभर फरक नाही.

गवंडी : ऐकलंस, पोरी? नकाशाएवढीच! मग मी चुकलो कुठं?

साहेब : म्हणजे... समुद्र उतरला असेल. या बाई कोण?

गवंडी : माझी भाची. ज्वालामुखीच्या वेधशाळेत जमीन मोजते.

भाची : समुद्र उतरला असता, तर लांबच्या दीपगृहाखालीही उतरला असता. तिथं पाणी जुन्याच रेषेवर आहे.

गवंडी : माझ्या एकट्यावर रुसलाय होय समुद्र?

भाची : थांब रे मामा. साहेब, आम्ही दीपगृहाच्या खडकापासून मोजत आलो. गावात शिरावं तशी जमीन वर, बंदरापाशी छातीभर. खोल खाली वितळलेला खडक आहे, मॅग्मा. तो वर सरकतोय. बाहेर पडायला वाट नाही, म्हणून डोक्यावरची जमीनच उचलतो. गळू पिकताना कातडी वर येते ना, तशी.

साहेब : बापरे. फुटणार?

भाची : आज कुणीच सांगू शकत नाही. बाजूला वाट मिळाली, तर जमीन परत खालीही बसेल. आमचं लक्ष आहे.

साहेब : पण आमची खूण...

भाची : तीही वर आलीय. कचेरीसकट. तुमच्या खुर्चीसकट.

गवंडी : बढती मिळाली की साहेब, आणि तुम्हाला पत्ता नाही! अहो, अख्खं बंदर उचललं गेलं आणि माझ्या धक्क्याला एक चीर नाही. या, दगडांच्या सांध्यांवरून बोट फिरवून बघा. आहे असा हात तुमच्या खात्यात कुणाचा?

साहेब : मी वरिष्ठांना कळवतो.

गवंडी : खुशाल कळवा. पण बोर्ड तुम्ही ठोकलात, तुमच्याच हातानं निघणार. खिळे काढायला पकड आणलीय मी. उठताय ना?