आगाशीवरून गेलेलं विमान

स्वस्त तिकिटाचं मला सांगूच नका. लंडनला शिकायला निघाले, तेव्हा माणिकपूरचा एजंट म्हणाला, "ताई, मुंबईऐवजी अहमदाबादहून बसा, बरंच स्वस्त पडेल. तेच विमान पुढे मुंबईला थांबून जातं."

म्हणजे आधी अहमदाबादला जायचं आणि उडत परत मुंबईजवळच्या आमच्या आगाशी गावावरूनच यायचं! बाबा वैतागले. आई मात्र हरखली. "मग मी केळीच्या वाडीत माझं लाल लुगडं पसरते. वरनं बघशील ना?"

"बघेन."

विमानात माझी सीट मधली. शेजारचा खिडकीला डोकं टेकून गाढ झोपलेला. त्याच्या पलीकडे मला नुसते ढग दिसले. तरी वाटत राहिलं, खाली आपली वाडी असेल, आई मान वर करून उभी असेल.

लंडनला पोचल्यावर फोन केला. "लुगडं दिसलं?"

"दिसलं ना! लालभडक!"

"मला पन तुझं विमान दिसलं," आई म्हणाली. "मी लुगडं हलवलं, तर त्यानं पंख हलवला."

फोन ठेवून बॅग उघडली. लोणच्याची बरणी फुटू नये म्हणून आईनं ती स्वतः गुंडाळून दिली होती. त्याच लाल लुगड्यात.