घर, किल्ली आणि आत्या

आत्या : पुन्हा विचार. आणि अशी रडवेल्या आवाजात विचारू नकोस. जपानमधल्या म्हातारीला वाटेल, आता हिचीच समजूत काढावी लागणार.

ठकू : बरं बाई. किचोहिन वा आरिमासु का? मौल्यवान वस्तू आहेत का?

आत्या : हाय, आरिमासु. हो, आहेत. युबिवा. अंगठी.

ठकू : सोन्याची अंगठी, एक.

आत्या : चुकलीस. जपानी शिकवणाऱ्या तुझ्या बाईंनी काय सांगितलंय? वृद्धाश्रमात नवीन माणूस आलं की त्याच्या यादीत दिसतं तेवढंच लिहायचं. पिवळ्या धातूची अंगठी. उद्या सोनं निघालं नाही तर बालंट तुझ्यावर.

ठकू : उद्या परीक्षा माझी आहे की तुझी? तुला कसं गं येतं हे सगळं?

आत्या : तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसले. सहा महिने तू पलीकडच्या खोलीत घोकतेयस, ते मला ऐकू येणार नाही? साइफु, पाकीट. कागी, किल्ली. त्सूचो, पासबुक. इरेबा, कवळी. लिही, कवळी एक, वरची.

ठकू : कवळी कसली मौल्यवान?

आत्या : ती काढली की तुला माझं एक अक्षर कळत नाही. पुढे?

ठकू : कपाटातला तो हेडफोन?

आत्या : लिही की. काळा, एका कानाचा. आठवतं तुला? शाळेला सुट्टी असली की दुपारच्या पाळीला तुला बरोबर न्यायचे. बोर्डाखाली माझ्या कोटावर झोपायचीस.

ठकू : मला फक्त तुझे पाय दिसायचे. आणि वरून आवाज, "लाइनवर राहा, जोडून देते." मला वाटायचं, जगातली सगळी माणसं तूच एकमेकांना जोडतेस.

आत्या : आणि मोठ्या बाई फेरीला आल्या की तुला पायाने आत सरकवायचे. एकदा झोपेत तू त्यांचीच चप्पल घट्ट धरलीस.

ठकू : मग?

आत्या : मग काय! त्या तशाच उभ्या राहिल्या बिचाऱ्या, तू कूस बदलेपर्यंत.

ठकू : तेव्हा मी केवढी होते गं?

आत्या : सहा वर्षांची. दादा-वहिनी गेल्यावर आलीस, तेव्हा तुझी मोचिमोनो, म्हणजे सगळं सामान काय, तर दोन फ्रॉक आणि एक बूट. दुसरा बसमध्ये राहिला. तसा बूट मिळावा म्हणून मी सगळी दुकानं पालथी घातली. शेवटी नवी जोडी आणली, तर तू आठवडाभर जुना एकटाच घालून लंगडत फिरलीस. जीव मेटाकुटीला यायचा तेव्हा. पण खरं सांगू, तेवढी सुखी मी पुन्हा कधी झाले नाही.

ठकू : पुढचं विचारते हं. इए. घर?

आत्या : नाही.

ठकू : नाही काय? या दोन खोल्या आहेत की!

आत्या : भाड्याच्या. महिनाअखेरीला सोडतेय. मालकांना सांगून झालं. वही उचल आणि खालचा कागद वाच.

(ठकू वही बाजूला करते. खाली इथल्याच वृद्धाश्रमाचा छापील अर्ज. आत्याची सही झालेली, वस्तूंची यादी तेवढी भरायची राहिलेली.)

ठकू : हे काय करून बसलीस! मला विचारायचं तरी!

आत्या : तू विचारलं होतंस? मागच्या परीक्षेनंतर तुझ्या बाईंचा फोन मीच घेतला. म्हणाल्या, शरीराचे शब्द बरोबर, आजारांचे बरोबर, औषधांचे बरोबर. वस्तू आणि मालमत्ता आली की सगळं कोरं. अगं, किल्ली मला येते आणि तुला येत नाही?

ठकू : मी नोकरीला जपानला गेले असते तर तुझ्याकडे कोणी बघितलं असतं?

आत्या : म्हणून नापास झालीस.

ठकू : हो, झाले. मुद्दाम झाले. आणि उद्याही होणार होते.

आत्या : उद्या झालीस तर तू रस्त्यावर. मालकांनी खोल्या दुसऱ्यांना दिल्यासुद्धा.

ठकू : म्हणजे मी परक्यांच्या म्हाताऱ्या सांभाळायच्या, आणि माझी म्हातारी परक्यांनी?

आत्या : परक्या कुठल्या? एक्स्चेंजमधली माझ्या शेजारच्या बोर्डवरची तिथेच आहे. अर्धं शहर कोणाशी काय बोललं ते तिला अजून पाठ आहे, माझी करमणूक होईल. आणि भीती वाटते का म्हणशील तर वाटते. तू नसलीस की घर खायला उठेल. म्हणून तर घरच सोडतेय.

ठकू : आत्या...

आत्या : रडायचं तर रडून घे. पण उद्या एकही जागा कोरी सोडायची नाही. कबूल?

ठकू : कबूल.

आत्या : तोंडदेखलं नको.

ठकू : नाही गं, खरंच कबूल. पण सुट्टीत परत आले की मी कुठे यायचं?

आत्या : गादीला काय म्हणतात तुमच्यात?

ठकू : फुतोन.

आत्या : मग ते लिही यादीत.

ठकू : फुतोन, एक.

आत्या : दोन लिही.