टर्बो आणि रफिकचे अब्बा

माझ्या टर्बो हॅचबॅकची गंमत सांगतो. माझ्या मित्राला, रफिकला तश्शीच हवी होती, पण होकार द्यायचा त्याच्या अब्बांनी. त्यांचं आख्खं आयुष्य पॉवरलूमच्या खडखडाटात गेलेलं, झोपसुद्धा त्यातच. माझ्या गाडीत मागे बसत म्हणाले, "जोर दाखव, मग बघू."

अंजूरच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी अशी उचलली की रफिक सीटला चिकटला. "चाचा, पिकअप बघितलात?" मी आरशात पाहिलं. तीन सिलेंडरच्या इंजिनाच्या थरथरीत चाचा घोरत होते.

राहनाळला कंटेनरांच्या रांगेत थांबलो, तसं पेट्रोल वाचवायला इंजिन आपोआप बंद झालं. चाचा दचकून उठले, "लाईट गेली?"

मी ब्रेक सोडला. इंजिन सुरू.

"आली," म्हणाले आणि परत घोरायला लागले.

रफिक हळूच म्हणाला, "पसंत पडली. चल, बुकिंग करू."