शालिकरामचा हिस्सा

काचीवर बोट नका ठोकू, शेठ. फुटली तं अठी कारंज्यात दुसरी भेटनार नाई. बसा. तुमी रिसोडचे टुरिंग टाकीजवाले फुलचंदशेठ, तंबूच्या दाराशी हे यंत्र ठेवसान, खेळ सुरू होईस्तोवर लोकं आना टाकतीन अन् गोळी उडवतीन — समजलं मले, दोनदा सांगतलं तुमी. हां, चालते. काहून नाई चालनार? हा दांडा वढायचा, सोडायचा, गोळी वर जाते, खिळ्याखिळ्यावर आपटत खाली येते — या भोकात पडली तं हजार, त्या भोकात पडली तं काईच नाई. गोऱ्यायचा खेळ हाय. फक्त गोळ्या नाईत. काहून नाईत, ते नका इचारू. — इचारलंच? बरं.

लढाई सरली, नागपुराकडची गोऱ्यायची एक छावनी उठली, अन् त्यायच्या कँटीनीतला सामान लिलावात निघाला. ही खबर आनली शालिकरामनं. शालिकराम म्हंजे माळी, गावाबाहेर मळा हाय त्याचा, वांगे-मिरच्या लावते. मी रऊफ, बैलबाजारातला दलाल. लहानपनापासूनची दोस्ती. ठरलं — दोघायनं मिळून एक यंत्र घ्याचं, शिरपूरच्या यात्रेत लावाचं. आता बैलबाजारात आमी कसं करतो? हातावर रुमाल टाकायचा, आत बोटं दाबून भाव सांगायचा, बाजूच्याले पत्ता नाई. पहिले मी जातो, कमी भाव दाबतो. मंग शालिकराम जाते, अनोळखी बनून, तो त्याहून कमी दाबते. बैलाचा धनी आपोआप नरम पडते. जनम गेला याच्यात. तं लिलावातही तसंच उभे राह्यलो — मी या टोकाले, तो त्या टोकाले, ओळख दाखवायची नाई. अक्कल पाहा आमची. लिलावात भाव खाली येते का कधी?

मधात उंचपुरे ठेकेदार उभे, मले पलीकडचं काई दिसेना. मी हात वर केला, हातोडीवाला तिकडं बोट दाखवून भाव वाढवते. मी पुन्हा हात केला — तो पुन्हा तिकडं. मी म्हनलं, कोन हाय हा हरामी, याले आज सोडत नाई. बैलजोडीच्या वर गेला भाव तरी सोडलं नाई. हातोडी पडली, गर्दी हटली, अन् त्या टोकाले हात वर करून कोन? शालिकराम. हात दाखवून अवलक्षण म्हनतात ना, ते हे. मले तं पहिले हासूच आलं, शेठ. खरं सांगतो. तो नाई हासला.

बोली मीच बोलीन असं ठरलं होतं. तो म्हनते, ठरलं नव्हतं. मूर्तिजापूरवरून आपली लहान गाडी धरली — डब्यात मधात यंत्र अन् आमी दोन कोपऱ्यात. कारंज्याच्या टेसनावर उतरलो अन् तो म्हने, "रऊफ, दलाल दोन्हीकडून खाते. लिलाववाल्यानं तुले किती चारले?" मले. मले इचारते तो. मंग मी बी बोललो. वांगेवाल्याले धंद्यातलं काय समजते, म्हनलं. अजून बोललो, जाऊ द्या. त्यानं तठीच झाकन खोललं, पाची गोळ्या काढल्या, धोतराच्या सोग्यात बांधल्या. म्हने, हा माहा हिस्सा. अन् चालला गेला मळ्याकडं.

तवापासून हे धूड माह्या वसरीत. माही बायको मेहरबी त्याच्यावर मिरच्या वाळू घालते — अन् वांगे बाजारात शालिकरामच्या बायकोजवळून, आवडाबाईजवळून घेते, मले न सांगता. मले समजत नाई का? त्या मळ्याचं वांगं मी पहिल्या घासात ओळखतो. खातो, बोलत नाई. काच रोज पुसतो. कायले पुसतो? धूळ बसते म्हनून. अन् तसं पाह्यलं तं गोळ्या त्याच्याजवळ हायत. त्याले काय कामाच्या त्या, वांग्याच्या भाजीत टाकनार हाय? एक ना एक दिवस त्याले यावंच लागीन अठी. असं आपलं मले वाटते.

रुमाल टाकता? टाका. दाबा बोटं. — एवढे? शेठ, बिनगोळीच्या यंत्राले एवढे कोनी देत नाई. अन् तुमच्या खिशात मघापासून काय खुळखुळून राह्यलं? काढा पाहू.

ह्या गोळ्या कुठी भेटल्या तुमाले?

मळ्यात. म्हंजे तुमी पहिले त्याच्याकडं गेलते. किती घेतले त्यानं? — काईच नाई? "घेऊन जा, मले काय करायच्या" — असंच म्हने? अन् यंत्र कोनाजवळ हाय, कसं हाय, काई इचारलं नाई? माहं नाव बी नाई घेतलं?

रुमाल काढा. यंत्र विकायचं नाई. — भावाची गोठ नाई हो, कायले वाढवता? भांडन तं होतं आमचं, शेठ. तो गोळ्या धरून बसला होता, मी यंत्र धरून. आता त्यानं भांडन बी सोडून देल्लं. मंग माह्याजवळ राह्यलं काय?

उचला ह्या. पाचीच्या पाची उचला. मळ्यात जा अन् त्याच्या हातात द्या. सांगा, रऊफ घेत नाई. द्यायच्याच असतीन तं खुद घेऊन ये म्हना. — चहा? चहा मंग कधी. जा तुमी, आत्ताच जा. दिवस बुडला का तो मोट सोडून घरी चालला जाते.