मोरेश्वर मास्तरांचं गुलाबपाणी

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो, उत्तर मनातच द्या. खोटं बोलणं पाप, हे शेंबडं पोरही सांगेल. पण माहीत असून गप्प बसणं? ते काय पुण्य?

देवरुखाजवळच्या एका गावात दोन सख्खे भाऊ. थोरले मोरेश्वर आठल्ये, निवृत्त मास्तर. धाकटा वामन, पंगतीतला वाढपी. डॉक्टर मास्तरांना म्हणाले, "काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढून नस सुकतेय. दुखत नाही, समोरचं दिसतं, पण कडेची नजर जात राहते. गेलेली परत येत नाही! थेंब रोज घाला, उरलेली वाचेल. आणि घरातल्या रक्ताच्या माणसांना तपासून घ्या!"

मास्तर घरी आले — आणि गप्प! का? मुलगी मंजिरी लग्नाची! "घराण्यात आंधळेपण आहे," असं कुणी म्हणालं तर? मग काय, देवघराचं दार लोटून थेंब घालायचे. एकदा वामनानं पाहिलंच.

"दादा, काय रे ते?"

"गुलाबपाणी! थंडावा मिळतो."

हसताय? पत्रिका जुळेपर्यंत तुमच्या घरात काय काय झाकलेलं असतं, मला ठाऊक आहे!

दोन वर्षांनी मंजिरीचं लग्न लागलं. वामन भात वाढत निघाला. कडेची पानं वाढायची राहतायत, लोक हाका मारतायत — आणि पाय पडला थेट व्याह्यांच्या पानात! "डोळे फुटले काय?" व्याही कडाडले. वामन कानकोंडा झाला. भावापाशी येऊन हळूच म्हणाला, "दादा, मीही तुझ्यासारखं रोज गुलाबपाणी घालतो रे. तरी असं का होतंय?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. धरणीनं पोटात घ्यावं, इतकी लाज वाटली! पण समोर व्याही होते. मास्तर तेव्हाही गप्पच बसले, मंडळी!

दुसऱ्या दिवशी मात्र वामनाला डॉक्टरांकडे नेलं, सगळं कबूल केलं. एक डोळा जवळजवळ गेलेला. दुसऱ्यात उरलेलं वाचवायला थेंब सुरू झाले.  परतून अंगणात आल्यावर वामन एवढंच म्हणाला, "दादा, मंजिरीला तरी सांगितलंस का?"

 पायातल्या वहाणा न काढता मास्तर तसेच व्याह्यांच्या गावी निघाले.

मास्तरांना नावं ठेवू नका. इथं कुणाकुणाला काचबिंदू आहे? हात वर करू नका, मला सांगून काय उपयोग? प्रसाद घ्या, घरी जा आणि आधी भावाला फोन लावा.