पुजलेला तक्ता

मंडळी, मन जरा इकडे द्या. एकच विचारतो. आपण मोठ्या श्रद्धेनं एखादा बेत केला आणि तो मोडावा लागला, तर श्रद्धा मोडते का? घाई नको, आधी गोष्ट ऐका!

माझी उमेदीची वर्षं कोकणातल्या एका वाडीत गेली. आजही आठवलं की जीव तिकडे ओढ घेतो. वाडीपुढे वहाळ, म्हणजे ओढा. पावसाळ्यात पलीकडचं माणूस पलीकडे! त्यावर साकव, म्हणजे लाकडी पूल, बांधायचं ठरलं आणि प्रभुदेसाई नावाचे ओव्हरसियर आले. त्यांनी शाळेच्या फळ्यावर खडूनं आडव्या पट्ट्या ओढल्या. पाया, खांब, फळ्या, कठडा. कुठलं काम कधी सुरू, कधी पुरं, सगळं एका नजरेत. म्हणाले, "याला गँट चार्ट म्हणतात." आमच्या गुरवाला वाटलं, घंटेचाच काही प्रकार असणार — त्यानं तिथंच हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. झालं! तक्ता देव झाला.

आणि पाया खोदताना कातळ लागला. काम रखडलं. साहेब डस्टर घेऊन पट्ट्या पुसायला गेले, तर सगळी वाडी आडवी! "सायबानू, पुजलेला पुसूचा नसता!" फळ्यांचं काम ज्याच्याकडे, तो भिवा मेस्त्री हात बांधून बसलेला. का रे बाबा? तर म्हणतो, "माझी पट्टी अजून खंय इली?" हसताय? हसा, हसा. तुमच्याही घरी एखादा भिवा असेल.

पण सत्यभामाकाकी हसत नव्हत्या. त्यांची शेवंती वहाळापलीकडे दिलेली, पहिलटकरीण. दवाखाना अलीकडे, आई अलीकडे. त्या माझ्यापाशी आल्या. "बुवानू, गणपती आपण पाण्यात सोडतव, तो काय नको झालो म्हणान?"

मी उठलो, मंडळी. गुरवाला हाक मारली. तक्त्याची उत्तरपूजा केली! अक्षता वाहिल्या, "पुनरागमनाय च" म्हटलं, आणि डस्टर साहेबांच्या हाती दिलं. साहेबांनीही आधी चपला काढल्या. नव्या तक्त्यात त्यांनी फळ्यांची पट्टी पायाच्या पट्टीखालीच, बरोबरीनं ओढली. इकडे कातळ फुटतोय, तिकडे भिवाची करवत चाललीय. पुढं दर बाजाराच्या दिवशी उत्तरपूजा, पुन्हा नवा तक्ता. काय दिवस होते ते!

तरी कठड्याची पट्टी कोरीच राहिली. वहाळ चढू लागला आणि त्याच दिवशी शेवंतीला कळा सुरू झाल्या. साकव तर उघडा! तेव्हा भिवा पाण्यात उतरला. त्याच्यामागे साहेब, त्यांच्यामागे वाडी. साकवाच्या दोन्ही बाजूंनी कंबरभर पाण्यात माणसं हात वर धरून उभी. त्या हातांना धरत धरत शेवंती साकवावरून आईपर्यंत आली. रात्री मुलगी झाली.

आता तिथं सिमेंटचा पूल आहे म्हणे. असू दे. मला तो हातांचा कठडाच दिसतो.

मंडळी, तुम्हीही बेत पुजून ठेवलेत. हे झालं की आईला भेटू, ते झालं की भावाशी बोलू. मध्ये कातळ लागलाय, आणि तुम्ही आपली पट्टी यायची वाट बघत बसलात. आज घरी जा, अक्षता वाहा आणि तो तक्ता पुसा. पलीकडे कुणीतरी थांबलंय. त्याच्यासाठी हात वर करा आणि म्हणा — रामकृष्णहरी!