दादाची ट्रंक

लालबागच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली त्यांची नात बसली होती.

"आजोबा, या लॅपटॉपवरची दादाची ती दुसरी सिस्टिम, लिनक्स, काढून टाकते. तिने अडवलेली जागा, ते पार्टिशन, माझ्या विंडोजला जोडलं की माझी फिल्म मावेल. सोमवारी कॉलेजात द्यायचीय."

"तेका इचारलंस?"

"बंगळुरूला नवा लॅपटॉप मिळालाय त्याला. म्हणाला, उडव."

"आमी गाववाले मुंबैत एकत्र ऱ्हवायचे त्या गावकीच्या खोलीतून माणूस सोडून गेलो की पयली तेची ट्रंक गावाक जाई, मगच जागा दुसऱ्याक. ह्येची ट्रंक खंय?"

"म्हणजे त्याच्या फाइली? थांबा, बघते... आजोबा, हे आजीचं भजन! दादाने कधी रेकॉर्ड केलं?"

"लाव बघू."

तिने भजन लावलं.

"तसोच आवाज गो तिचो."

"भजन आणि त्याच्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या. काढू ना आता लिनक्स?"

"काढ. मोकळ्या जागेत पयली तिका बसव, मगे तुझी फिल्म."